लँथेनम-निकेलची हायड्रोजन टाकी दहा मिनिटांत दम तोडते. फुगवलेला ग्राफाइट मिसळून फरक पडेल का?

खडूफळा:

प्रयोगशाळेतल्या प्रात्यक्षिकासाठी घन माध्यमात हायड्रोजन साठवणारी छोटी टाकी केली आहे. तपशील असा:

- मिश्रधातू: लँथेनम-निकेल (एकास पाच), २.५ किलो, चुरा करून भरलेला
- नळी: ३१६-एल स्टेनलेस, आतला व्यास ६० मि.मी., बाहेरचा ६६, लांबी २१ सें.मी., म्हणजे आतली जागा साधारण ६०० मि.लि.
- भरणे: सिलिंडरमधून रेग्युलेटर लावून १० बारला
- वापर: १०० वॅटचा हवेने थंड होणारा पेम (प्रोटॉन वाहून नेणाऱ्या पडद्याचा) फ्युएल सेल. मिनिटाला १.१ लिटर हायड्रोजन लागतो, स्टॅकच्या (सेलच्या थप्पीच्या) तोंडाशी किमान ०.५ बार गेज

खोलीचे तापमान २६ अंश. सुरुवातीला सगळे छान चालते. दहा-बारा मिनिटांत गेज ०.५ च्या खाली येतो आणि स्टॅकचे व्होल्टेज कोसळते. व्हॉल्व्ह बंद करून तास-दीड तास तसेच ठेवले की गेज पुन्हा ०.८ ला येतो, म्हणजे आत हायड्रोजन शिल्लक आहे. भरतानाही तीच रड. रात्रभर लावून ठेवावी लागते.

पावडरची उष्णतावाहकता कमी असते, म्हणून फुगवलेला ग्राफाइट मिसळून चकत्या दाबायचा विचार आहे. किती टक्के घालावा, किती दाबावे? आणि त्याने पाच तास सलग प्रवाह मिळेल का?

---

हायड्राइडवाला:

ग्राफाइट जरूर घाला, पण आत्ताची टाकी अडली आहे ती पावडरमुळे नाही, बाहेरच्या हवेमुळे. आकडे मांडले की लगेच दिसेल.

आधी दाब. तुमच्या मिश्रधातूतून एक मोल हायड्रोजन सुटायला साधारण ३०.८ किलोज्यूल उष्णता लागते. सोडतानाचा पठारदाब (ठरावीक तापमानाला धातू ज्या जवळपास स्थिर दाबाने हायड्रोजन सोडतो तो) असा काढा: दाबाचा (बारमध्ये, निरपेक्ष) नैसर्गिक लॉगरिदम = १२.९९ − ३७०५ ÷ केल्विनमधले तापमान. त्यातून:

१० अंशाला ०.९ बार
२० अंशाला १.४
३० अंशाला २.२
४० अंशाला ३.२
६० अंशाला ६.५
८० अंशाला १२

तुमच्या स्टॅकला ०.५ गेज म्हणजे १.५ बार निरपेक्ष हवा. हा दाब २१ अंशांना मिळतो. खोली २६ ला, म्हणजे टाकी फक्त ५ अंशांनी थंड झाली की खेळ संपला. टाकी रिकामी होत नाही, गार पडते.

आता उष्णता. १०० वॅट वीज, ५० टक्के कार्यक्षमता धरली तर तासाला ६ ग्रॅम हायड्रोजन. पाच तासांचे ३० ग्रॅम, म्हणजे जवळपास १५ मोल. त्यांना सुटायला ४५८ किलोज्यूल लागतील, म्हणजे सलग २५ वॅट उष्णता टाकीत शिरत राहिली पाहिजे. धातूची उष्णताधारकता किलोला ०.४२ किलोज्यूल प्रति अंश. नळी आणि फिटिंग धरून तुमच्या सगळ्या टाकीची सुमारे २ किलोज्यूल प्रति अंश होईल. ५ अंशांचे १० किलोज्यूल. २५ वॅटने ते सात मिनिटांत संपतात. वर मोकळ्या जागेतला थोडा गॅस, म्हणून तुम्हाला दहा-बारा मिनिटे मिळतात.

हवेतून किती उष्णता येते? नळीचे बाहेरचे क्षेत्रफळ ०.०४३५ चौ. मीटर. पंखा नसताना हवेचा गुणांक किरणोत्सर्गासकट १० वॅट प्रति चौ. मी. प्रति अंश धरा. ५ अंशांच्या फरकाने २.२ वॅट येतात, लागतात २५. म्हणजे सध्याच्या स्थितीत सलग मिळू शकणारा प्रवाह मिनिटाला ०.१ लिटर. आत शुद्ध तांबे भरले असते तरी हा आकडा हलला नसता.

भरतानाचे गणितही तेच, उलट्या दिशेने. १० बारला हायड्रोजन लावला की धातू तापतो आणि साधारण ७० अंशांना त्याचा स्वतःचा पठारदाबच १० बार होतो. तिथे शोषण थांबते. ३० वरून ७० अंशांपर्यंत तापायला किलोला १७ किलोज्यूल पुरतात, तर पूर्ण भरताना किलोला सुमारे २१० किलोज्यूल बाहेर पडतात. म्हणजे पहिल्या झटक्यात जेमतेम ८ टक्के भरते, उरलेले ९२ टक्के उष्णता जाईल त्या गतीने. उघड्या हवेत ७० अंशांची नळी १९ वॅट टाकते, म्हणून साडेसहा तास. तुमची 'रात्रभर' ती हीच.

उपाय स्वस्त ते महाग या क्रमाने:

पहिला, स्टॅकची बाहेर पडणारी गरम हवा टाकीवरून न्या. १०० वॅट वीज देणारा स्टॅक तेवढीच उष्णता बाहेर फेकतो. तुम्हाला त्यातली पावच हवी आहे. नळीवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसवून क्षेत्रफळ तिप्पट-चौपट करा आणि पत्र्याचे आवरण करून स्टॅकच्या पंख्याची हवा त्यातून काढा. पहिली दहा मिनिटे टाकी स्वतःच्या उष्णतेवर काढते, तेवढ्यात स्टॅक तापलेला असतो. जोडी छान जमते.

दुसरा, पाण्याचे आवरण. नळीबाहेर दुसरी नळी, मधे १० मि.मी. फट, छोटा पंप. भरताना २५ अंशांचे पाणी, सोडताना ३५ अंशांचे. असे केले की बाहेरची अडचण संपते आणि मग पहिल्यांदाच पावडरची वाहकता मोजणीत येते. साध्या पावडरची हायड्रोजन भरलेला असताना वाहकता १ च्या आसपास धरा (वॅट प्रति मीटर-केल्विन). धातू भिंतीकडून मध्याकडे रिकामा होत जातो आणि उष्णतेला जाड होत जाणाऱ्या रिकाम्या थरातून जावे लागते. ३५ अंशांचे पाणी आणि २१ अंशांची मर्यादा धरून हिशेब केला तर पूर्ण प्रवाहाने ७७ टक्के हायड्रोजन निघतो, मग प्रवाह ढासळतो. पाणी ४० अंश केले तर ८६ टक्के. वाहकता ५ केली तर जवळजवळ सगळा.

भरताना फरक जास्त ठळक. पाण्याच्या आवरणात साधी पावडर ६४ मिनिटे घेईल, वाहकता ५ असेल तर १३ मिनिटे. (भिंतीशी नीट टेकलेली असेल तर. ते खाली कोणीतरी सांगेलच.) म्हणून ग्राफाइटचे खरे काम लवकर भरण्यात आहे. पाच तासांत सावकाश रिकामी होणाऱ्या टाकीला ते ऐच्छिक आहे.

थंडीचे वेगळे. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी खोली ११ अंशांवर असेल तर पठारदाब ०.९५ बार निरपेक्ष, म्हणजे गेज शून्य, चालू होणारच नाही. ५० वॅटचा पट्टी-हीटर नळीभोवती गुंडाळा, आठ-दहा मिनिटांत काम होते. लँथेनमच्या जागी थोडा सेरियम घातलेला मिश्रधातू घेतला तर पठारदाब वर जातो, पण मग भरायलाही जास्त दाब लागेल. ॲल्युमिनियम किंवा कथील घातलेले प्रकार दाब खाली आणतात, ते तुमच्या कामाचे नाहीत. (कथिलाचा प्रकार टिकाऊ मात्र फार. प्लँक उपग्रहावरच्या शीतकरण यंत्रात तोच होता.)

---

चकती६०:

वरचा हिशेब बरोबर आहे, त्यात घालण्यासारखे काही नाही. चकत्या करायच्याच ठरल्या तर या कृतीने करा.

प्रमाण. ५ टक्के वजनाने. ग्राफाइट हलका असतो, म्हणून टक्के फसवे. ५ टक्क्यांत तो घन भागाच्या एक षष्ठांश जागा घेतो, १० टक्क्यांत जवळपास तीन दशांश. ६०० मि.लि. च्या नळीत २.५ किलो धातू बसवायचा तर १० टक्के परवडत नाही, फुगायला जागा उरत नाही.

तुमच्यासाठी: २.५ किलो धातू + १३० ग्रॅम ग्राफाइट. १५ मि.मी. जाडीच्या १४ चकत्या, प्रत्येकीत १७९ ग्रॅम धातू आणि ९ ग्रॅम ग्राफाइट. घनता ४.५ च्या आसपास येते. धातू पूर्ण भरला की २४-२५ टक्के फुगतो. तेव्हाही आत २८ टक्के पोकळी उरते. ती २० च्या खाली जाऊ देऊ नका, गॅसला वाट राहत नाही आणि नळीवर जोर येतो.

ग्राफाइट. दुकानात मिळणारी साधी ग्राफाइट पावडर चालत नाही, तिचे कण एकमेकांशी जोडलेले जाळे करत नाहीत. आम्लाने उपचार केलेला 'फुगणारा' ग्राफाइट घ्या आणि ९०० अंशांच्या भट्टीत स्टीलच्या उघड्या पातेल्यात चिमूट-चिमूट टाका. काही सेकंदांत तो शेकडो पट फुगून अळ्यांसारखा होतो. त्यातले आम्ल बहुतेक गंधकाचे असते. फुगवल्यावर आणखी अर्धा तास आर्गॉनमध्ये ८०० ला ठेवा, नाहीतर उरलेले गंधक धातूचा पृष्ठभागही मारते आणि पुढे फ्युएल सेलचा प्लॅटिनमही. भट्टी धुराड्याखाली हवी, वाफा घशाला लागतात.

मिसळणे. धातूचा चुरा १५० मायक्रॉनच्या चाळणीतून काढलेला. बाटलीत दोन्ही घालून बाटली रोलरवर वीस मिनिटे, मिनिटाला ३०-४० फेरे. बॉल मिल नको. गोळ्यांनी ग्राफाइटच्या अळ्या तुटतात, आणि मग ५ टक्के घालून मिळते ते साध्या पावडरीपेक्षा फारसे वेगळे नसते. धातू जड आणि ग्राफाइट पिसासारखा, त्यामुळे बाटली ठेवून दिली की वेगळे होतात. मिसळले की लगेच दाबा, प्रत्येक चकतीचे मिश्रण वेगळे तोला.

दाबणे. ६० च्या आसपासच्या डायचे क्षेत्रफळ २८ चौ. सें.मी. ७५ मेगापास्कलला २२ टन लागतात, ३० टनांचा हायड्रॉलिक प्रेस पुरतो. पण काट्याकडे बघून दाबू नका, जाडीकडे बघा. डायला १५ मि.मी. चा ठोकळा लावा आणि पंच तिथे टेकेपर्यंत दाबा. धातूच्या कणांचा आकार थोडा बदलला की त्याच टनाला जाडी १३ येते, चकती घट्ट होते, आणि फुगताना तीच नळी ताणते. मध्यभागी ८ मि.मी. ची पिन ठेवा, गॅसचा रस्ता.

ग्राफाइटचे पापुद्रे दाबाच्या दिशेला आडवे झोपतात. त्यामुळे वाहकता चकतीच्या त्रिज्येत जास्त (५ टक्क्यांत ३ ते ६) आणि जाडीत कमी. चकत्या नळीत एकावर एक रचल्या की उष्णता बरोबर हवी त्या दिशेला, भिंतीकडे जाते. कोणी सपाट डब्यात चकत्या ठेवून खालून तापवत असेल तर त्याच्या नशिबी कमी वाहकतेची दिशा येते.

फट. इथेच सगळे वाया जाते. चकती आणि भिंत यांच्यात ०.५ मि.मी. हायड्रोजन असेल तर वीस मिनिटांत भरताना तेवढ्या फटीतच २७ अंश खर्च होतात, म्हणजे ७० आणि २५ मधल्या ४५ पैकी अर्ध्याहून जास्त. ०.२ मि.मी. ला ११ अंश. नळीचा आतला व्यास दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा. वेल्डिंगने तोंडाशी ती नेहमी थोडी आवळलेली असते, आणि डाय त्या सर्वांत लहान मापाच्या ०.३-०.४ मि.मी. खाली करून घ्या. व्यासातला हा फरक, म्हणजे प्रत्येक बाजूला निम्मा. पहिल्या चार-पाच भरणांत चकत्या फुगून भिंतीला टेकतात आणि फट बरीचशी मिटते.

चकत्या नंतर भुगा होतात का? धातूचे कण होतात, दहा-वीस मायक्रॉनपर्यंत. पण ग्राफाइटचे जाळे त्यांना जागेवर धरून ठेवते. साध्या पावडरीत हेच बारीक कण खाली उतरून घट्ट बसतात. चकत्यांचा मला हा फायदा वाहकतेपेक्षाही मोठा वाटतो.

---

शून्यडिग्री:

मध्येच विचारतो. लँथेनम-निकेल वजनाच्या जेमतेम १.४ टक्के हायड्रोजन धरतो, मॅग्नेशियम हायड्राइड ७.६ टक्के. निओबियम ऑक्साइड घालून मॅग्नेशियमचा वेग वाढतो असे वाचले आहे. मग एवढ्या कसरतीपेक्षा तोच का घेऊ नये? ४०० ग्रॅममध्ये काम होईल.

---

हायड्राइडवाला:

वेग वाढतो, तापमान तेच राहते. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जाहिरातवजा लेखांत त्यांची नेहमी गल्लत होते.

मॅग्नेशियम हायड्राइड फुटायला मोलमागे ७५ किलोज्यूल लागतात आणि १ बार दाब मिळतो तो २८० अंशांच्या पुढे. उत्प्रेरक कोणताही घाला, हा आकडा बदलत नाही. उत्प्रेरकाशिवाय त्याच तापमानाला तासन्‌तास लागतात, उत्प्रेरकाने मिनिटांत होते, इतकेच. हँबुर्गजवळच्या गेस्टहाख्टच्या गटाने २००३ च्या सुमारास निओबियम ऑक्साइडचे जे निकाल दाखवले ते वेगाचेच होते.

शिवाय हायड्रोजन जाळून मोलमागे २४२ किलोज्यूल मिळतात. त्यातले ७५ म्हणजे ३१ टक्के साठवणीतच गेले. लँथेनम-निकेलला १३ टक्के लागतात आणि ते स्टॅकच्या ५०-६० अंशांच्या टाकाऊ उष्णतेतून फुकट मिळतात. पेम स्टॅक ३०० अंश कुठून आणणार? हायड्रोजनच जाळावा लागेल. ७०० अंशांना चालणारा सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल असेल तर मॅग्नेशियमचा विचार जरूर करा.

टक्केवारीतही मेख आहे. निओबियम ऑक्साइड '१ मोल टक्का' ऐकायला किरकोळ वाटतो, वजनात तो ९ टक्के होतो. ७.६ चे ६.९ झाले. ५ ते १० टक्के ग्राफाइट घातला, आणखी खाली. मग ३०० अंश पेलणारी नळी, उष्णतारोधक आवरण, हीटर. ३० ग्रॅम हायड्रोजनसाठी हे सगळे धरून लँथेनम-निकेलच्या टाकीपेक्षा वजन फार वाचत नाही.

मोठ्या स्थिर टाकीत गणित वेगळे बसते. ग्रेनोबलच्या संशोधकांनी मॅग्नेशियम हायड्राइड आणि फुगवलेल्या ग्राफाइटच्या चकत्या करून त्याभोवती ३४० अंशांच्या आसपास वितळणारा मॅग्नेशियम-झिंकचा मिश्रधातू ठेवला. भरताना सुटलेली उष्णता तो वितळून धरून ठेवतो आणि सोडताना थिजून परत देतो. बाहेरून ३१ टक्के आणायची गरज उरत नाही. टाकी जड होते, पण जमिनीवरच्या टाकीला वजनाचे काय?

मधला पर्याय म्हणजे टायटॅनियम-लोह. सुमारे १.९ टक्के, खोलीच्या तापमानाला काही बार दाब, दुर्मिळ धातू नाही. १९७४ मध्ये ब्रुकहेवनच्या रायली आणि विस्वॉल यांनी तो पुढे आणला. त्रास सक्रिय करण्याचा. नुसता टायटॅनियम-लोह ४०० अंशांपर्यंत तापवून पुन्हा पुन्हा हायड्रोजन दाखवावा लागतो. लोहाच्या जागी थोडा मँगनीज घातलेला घ्या, बराच सोपा जातो.

---

पाना_पक्कड:

धातूवर सगळे बोलले, टाकीवर कोणी नाही.

नळी. ६६ बाय ३ मि.मी. ३१६-एल गॅसच्या दाबाला पुष्कळ आहे, १०० बारपर्यंत हरकत नाही. धोका धातू फुगण्याचा. साधी पावडर असेल तर टाकी आडवी ठेवा आणि दर ४-५ सें.मी. ला आडवा पडदा घाला, म्हणजे बारीक कण एका टोकाला जाऊन बसत नाहीत. उभी ठेवलेली टाकी तळाशी फुगते, गेजवर काही दिसत नाही आणि एक दिवस वेल्ड सुटते. नळीवर पाच ठिकाणी खुणा करून ठेवा, दर काही भरणांनंतर मायक्रोमीटरने व्यास मोजा. ०.१ मि.मी. कायमचा वाढला की थांबा.

फिल्टर. दोन्ही तोंडांना अर्धा मायक्रॉनचे सिंटर्ड स्टेनलेस फिल्टर. सेफ्टी व्हॉल्व्हच्या आधीही. त्याच्या सीटवर एक कण बसला की तो कायमचा झिरपत राहतो. डिझाइन दाब ३० बार, हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाबचाचणी) ४५, सेफ्टी व्हॉल्व्ह २५ ला. टेस्टनंतर नळी ओव्हनमध्ये पूर्ण सुकवा, मगच धातू भरा.

सक्रिय करणे. ७०-८० अंशांना दोन तास रोटरी पंपाचा व्हॅक्यूम, मग खोलीच्या तापमानाला आणून २० बार. पहिल्यांदा काही मिनिटे काहीच होत नाही, मग एकदम तापते. तापले म्हणजे सुरू झाले. पाण्यात ठेवूनच करा. सोडा, व्हॅक्यूम, पुन्हा भरा. तीन ते पाच वेळा, प्रत्येक वेळी किती लिटर गेला ते मोजा. लागोपाठ दोन आकडे सारखे आले की झाले.

गॅसची शुद्धता. ९९.९९९ टक्के. इलेक्ट्रोलायझरमधून भरणार असाल तर आधी पॅलेडियमचा डीऑक्सो (ऑक्सिजन काढणारा), मग मॉलिक्युलर सीव्ह (ओल शोषणारा). हा क्रम उलटा करू नका, डीऑक्सोत पाणी तयार होते. ऑक्सिजन आणि ओल हळूहळू क्षमता खातात. कार्बन मोनॉक्साइड थोडासुद्धा वाईट, पृष्ठभाग झाकतो. १०० अंशांच्या वर तापवून शुद्ध हायड्रोजनने धुतले की बरेचसे परत येते. नायट्रोजन विषारी नाही पण फसवा. धातू हायड्रोजन खातो, नायट्रोजन आत साचत जातो आणि शेवटी गेज १० दाखवतो पण आत जाणे बंद. भरण थांबले आणि नळी गार असेल तर हेच समजा. दोन-तीन सेकंद गॅस मोकळ्या हवेत सोडा, पुन्हा सुरू होईल.

किती शिल्लक? गेज सांगणार नाही. पठारावर टाकी ८० टक्के भरलेली असो की २०, दाब जवळपास तोच. मास-फ्लो मीटरची बेरीज ठेवा किंवा टाकी काढून ०.१ ग्रॅमच्या काट्यावर तोला.

उघडणे. एकदा हायड्रोजन खाल्लेला धातू हवेत पेट घेऊ शकतो. रिकामी करा, व्हॅक्यूम, आर्गॉन, मग ग्लोव्हबॉक्समध्येच उघडा. आग लागली तर कोरडी वाळू, पाणी नाही. निकेलची धूळ फुप्फुसाला वाईट, तोलताना चांगला मास्क हवा.

आणि कागदपत्रे. गॅस सिलिंडर नियम, २०१६ मध्ये ५०० मि.लि. च्या वरचे दाबाचे भांडे सिलिंडर ठरते. तुमचे ६०० चे आहे. संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्याला आधी दाखवा, पेसोचा (स्फोटके आणि दाबाच्या भांड्यांचे नियमन करणारी केंद्रीय संस्था) प्रश्न तिथेच निघेल. हायड्राइडच्या वाहतूक करता येणाऱ्या टाक्यांसाठी आयएसओ १६१११ आहे. चाचण्यांची यादी तिथून उचला, टाकी जागची हलणार नसली तरी.

---

खडूफळा:

सर्वांचे आभार. आधी पट्ट्या आणि स्टॅकची हवा, मग पाण्याचे आवरण, शेवटी चकत्या असा क्रम ठेवतो. टाकी उघडायचीच आहे तर थर्मोकपल कुठे बसवू? दोनच चॅनेल मोकळे आहेत.

---

हायड्राइडवाला:

दीड मि.मी. चे के-प्रकार, स्टेनलेस आवरणाचे, कॉम्प्रेशन फिटिंगमधून. एक मध्याजवळ, गॅसच्या भोकापासून ५ मि.मी. वर, धातूत रुतलेला. भोकात नको, तिथे गॅसचे तापमान दिसते. दुसरा नळीच्या बाहेरच्या भिंतीला, त्याच उंचीवर, पट्टीखाली दाबून. पूर्ण प्रवाहाने वीस मिनिटे चालवा. दोन्ही काटे जवळजवळ सोबत घसरले तर अडचण अजून बाहेरच आहे, पंखा किंवा पाणी वाढवा. भिंत ३० ला आणि मध्य २१ ला अडकला तर आता चकत्या दाबायला घ्या. चकत्या घातल्यावरही हा फरक तसाच राहिला तर फट मोजा. मध्याचा काटा तिथे २१ च्या खाली फारसा जाणार नाही. तो आकडा पठारदाब ठरवतो, म्हणून तिथलाच दाब गेजवरही दिसेल.